पोरगी वाचून राहिली

आमच्या घरात आजार एकच होता, गॅस. डोकं दुखलं तर गॅस चढला, छातीत धडधडलं तर गॅस अडकला, झोप नाही आली तर गॅस फिरून राहिला. शेजारच्या दुबे चाचींना एकदा खरोखरचा टायफॉइड झाला होता, तरी माझी माय त्यांच्यासाठी वाटीभर ओवा आणि काळं मीठ घेऊन गेली. चाची बऱ्या झाल्या आणि पुढली कित्येक वर्षं त्याचं श्रेय ओव्याला जात राहिलं, डॉक्टर बिचारा कुणाच्या लक्षातही राहिला नाही. त्यामुळे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला माझे हात थरथरायला लागले, घास गिळवेना झाला, पुस्तक उघडलं की छाती धडधडायला लागली, तेव्हा घरात कुणी घाबरलं नाही. माझी नात मिताली सध्या कॉलेजसाठी माझ्याकडेच, मदन महलच्या फ्लॅटवर राहते. तिच्या कॉलेजात म्हणे या सगळ्यासाठी एक वेगळी खोली आहे, खोलीत एक कुंडी आहे आणि कुंडीशेजारी एक मॅडम बसतात. मितालीला मराठी समजतं सगळं, बोलते मात्र अर्धं. परवा मला म्हणाली, "आजी, तुमच्या टाइमला स्ट्रेस नव्हता ना? तुम लोग तो मस्त रहते थे." मी म्हटलं, होता गं बाई, भरपूर होता. आम्ही त्याला ओवा देत होतो, एवढंच.

आमचं क्वार्टर फॅक्टरीच्या वसाहतीत होतं, लाइनीत शेवटून दुसरं. लाइन म्हणजे एकाला एक चिकटलेली घरं, आणि मधल्या भिंती इतक्या पातळ की पलीकडे मिरचीची फोडणी पडली की इकडे आम्ही शिंकायचो. सकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला की सगळी लाइन एकदम जागी व्हायची, बादल्या आपटायच्या, नळावर भांडणं लागायची, सायकलींच्या घंट्या वाजायच्या. माझे आजोबा भंडाऱ्याकडून नोकरीसाठी इकडे हिंदी मुलखात आले आणि इकडचेच झाले, पण उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी हा नेम त्यांनी घालून दिला तो आम्ही सगळ्यांनी पाळला. म्हणजे पाळला असं आम्हाला वाटायचं. नागपूरचे पाहुणे आले की आमचं मराठी ऐकून एकमेकांकडे बघत हसायचे.

बाबा फोर्ज शॉपमध्ये होते. तापलेल्या लोखंडावर मोठाले यांत्रिक घण पडतात ती जागा. तिथे इतकी वर्षं काढून त्यांचे दोन्ही कान निम्मे तिथेच राहिले होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार अशी त्यांची समजूत होती. घरी आले तरी ते घणाच्या वरताण बोलायचे. जेवताना त्यांनी "मीठ दे" म्हटलं की कधीकधी दुबे चाचींकडून मीठ यायचं. मायचा पाटा-वरवंटा होता, रेडिओ होता, चाचींकडे मंगळवारी भजन असायचं आणि त्यात चाची स्वतः ढोलक बडवायच्या. लाइनीतले पोट्टे आमच्याच भिंतीवर चेंडू मारायचे. आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, चौकटीला पाठ लावून, मांडीवर पुस्तक घेऊन अभ्यास करायची. सगळी शाळा मी त्या उंबऱ्यात शिकले. याला गोंगाट म्हणतात हे मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं.

आमच्या दोन्हीकडच्या खानदानात कॉलेजात गेलेली मी पहिली. मुलगा नाही, मुलगी, आणि तीही सायन्सला! मला प्रवेश मिळाला तेव्हा विहारात माझा सत्कार झाला, हार घातला, भाषणं झाली, आणि एका काकांनी मी पुढे काय काय होणार आहे याची अशी काही यादी वाचली की मला घरी येऊन पाणी प्यावं लागलं. बाबांनी ते भाषण फॅक्टरीत तोंडपाठ म्हणून दाखवलं. कुणीही भेटला की सांगायचे, "आमची पोरगी सायंटिस्ट बनून राहिली." बनून राहिली! मी तर अजून प्रयोगशाळेत बर्नर पेटवायला घाबरत होते.

पहिलं वर्ष कसंबसं निघालं. शाळेत सगळं हिंदीतून शिकले होते आणि इथे सर इंग्रजीतून शिकवायचे, तेही फळ्याकडे तोंड करून. समोरच्या बाकावर कॉन्व्हेंटच्या मुली बसायच्या, त्या मान डोलवायच्या. त्यांना समजतंय म्हणजे समजण्यासारखं आहे, मलाच समजत नाही, असं मी धरून चालले. दुसऱ्या वर्षी सहामाहीला फिजिक्सचा पेपर हातात आला आणि मला अक्षरं दिसत होती, पण त्यांचा अर्थ लागेना. जे मला येत होतं तेही आठवेना. मी जवळजवळ कोरी उत्तरपत्रिका देऊन उठले आणि घरी येऊन सांगितलं, "चांगला गेला." त्या दिवसापासून ती धडधड सुरू झाली. एकदा सायकलवरून जाताना बाजारात बड्या फुहाऱ्यापाशी, म्हणजे मोठ्या कारंज्यापाशी, इतकी धडधड झाली की मी उतरून एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदाराने माझा पडलेला चेहरा पाहिला आणि लग्न ठरलं असावं असं समजून "आइए दीदी, अंदर आइए" म्हणत माझ्यापुढे चार भारी साड्या उलगडल्या. मी रडायला लागले तेव्हा त्याने भाव कमी केला.

आणि मग वार्षिक परीक्षा आली, आणि परीक्षेआधी आली शांतता.

त्याचं असं झालं की बाबांना काही कामाने एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर जावं लागलं. तिथे त्यांनी जे पाहिलं ते घरी आल्यावर त्यांनी मायला सांगितलं, म्हणजे अख्ख्या लाइनीला सांगितलं. साहेबांचा मुलगा परीक्षेचा अभ्यास करत होता. त्याची खोली बंद, दाराला पडदा. नोकर अनवाणी चालून राहिले. मेमसाब कुजबुजत बोलून राहिल्या. कुत्र्यालासुद्धा मागल्या बाजूला बांधलं. बाबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला की साहेबांची पोरं साहेब काहून होतात. शांततेमुळे! बंगल्यात शांतता असते, लाइनीत नसते, बाकी काही फरक नाही. आणि जी गोष्ट बंगल्यात होऊ शकते ती आपल्या पोरीसाठी लाइनीत काहून होऊ शकत नाही?

दुसऱ्याच दिवशी ते ड्यूटीवरून आले, हात-पाय धुतले, स्वच्छ सदरा घातला आणि घरोघर निघाले. पहिल्याच दारात हात जोडून म्हणाले, "भैया, बिटिया का इम्तहान है. महीना भर हल्ला मत होने देना, बस इतनी बिनती है." ते त्यांच्या आवाजात म्हणाले, त्यामुळे शेवटच्या घरापर्यंत सगळ्यांना तिथल्या तिथे समजलं. तरी ते प्रत्येक दारात गेले आणि प्रत्येक दारात तेच म्हणाले. कुणीही "हो हो, ऐकलं" असं म्हटलं नाही, सगळ्यांनी पुन्हा ऐकून घेतलं. अशी माणसं होती.

आणि लाइनीने ते मनावर घेतलं. आमच्या लाइनीची मुलगी बी.एस्सी. करतेय, जणू सगळेच परीक्षेला बसले होते. दुबे चाचींनी ढोलक जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं आणि मंगळवारचं भजन नुसतं ओठ हलवून व्हायला लागलं. पोट्ट्यांना पाण्याच्या टाकीपलीकडे हाकललं. भाजीवाला आमच्या टोकाला आला की ओरडायचा नाही, एका हातात दुधी आणि एका हातात वांगं उंच धरून उभा राहायचा, आणि बायका खिडकीतून बोटं दाखवून भाव करायच्या. घरी रेडिओवर कापड पडलं. माय कुकरपाशी चिमटा घेऊन उभी राहायची आणि शिट्टी व्हायच्या बेतात आली की वाफ हळूच सोडून द्यायची. वरण कच्चं राहायचं. पाट्यावरचं वाटण बंद झालं, पाटवडी बंद झाली, सांबारवडी बंद झाली, आणि बाबा, ज्यांना वाटणाशिवाय भाजी म्हणजे पाण्यातला पाला वाटायचा, ते तो पाला मुकाट्याने खायचे. मुकाट्याने म्हणजे खरंच मुकाट्याने. त्यांना हळू बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. पाणी हवं असलं की अंगठा तोंडाशी न्यायचे. कुणी चुकून मोठ्याने बोललं की लाइनीतून चारी बाजूंनी यायचं, "श्श्! बिटिया पढ़ रई है!" आणि आमच्या दारातून माय म्हणायची, "श्श्! पोरगी वाचून राहिली!"

पोरगीला उंबऱ्यातून उठवून आतल्या खोलीत नेलं होतं. कुठून तरी टेबल आणलं होतं, खुर्ची आणली होती, आणि दार लावून घेतलं होतं. आमच्या घरात दिवसाढवळ्या दार बंद झालेलं ते पहिलंच. आत मी, पुस्तक आणि ती शांतता. मी पान उघडायची आणि मला ऐकू यायची फक्त माझी छाती. धड धड, धड धड. एवढे दिवस ती बाकीच्या आवाजांत लपली होती, आता तिला सगळं घर मोकळं मिळालं. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची आणि दर वेळी ती नवीनच वाटायची. मिताली अभ्यास करते तेव्हा कानात ते बोंडुक घालते. मला वाटायचं गाणी ऐकते. एक दिवस तिने मला ऐकवलं, तर त्यात कुठल्याशा हॉटेलातल्या कपबशांचा खणखणाट आणि लोकांची बडबड! म्हणते, "आजी, याने फोकस होतो." महिन्याचे पैसे भरते त्यासाठी. मी कपाळाला हात लावला. आमच्या घरी हेच सगळं फुकट होतं आणि माझ्या बापाने हात जोडून ते बंद करवलं होतं.

मग सांगितलं काहून नाही, असं मितालीने विचारलं. विचारणं सोपं आहे. ज्या माणसाने आयुष्यात कुणापुढे हात जोडले नाहीत तो माझ्यासाठी अख्ख्या लाइनीपुढे जोडून आला होता. म्हाताऱ्या चाचींनी ढोलक सोडलं होतं. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगू की मला याचाच त्रास होतो? माझं जेवण सुटलं. मायने माझ्या बेंबीला हिंग लावलं, ओवा दिला, लिंबू दिलं, पुदिना दिला, आणि सगळं खुणेने दिलं. चाचींचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते मला नजर लागली होती, विहारातल्या त्या हारानेच. आमच्याकडे नजर-बिजर मानत नसत, बाबा तर त्याबाबतीत फार कडक होते. म्हणून चाचींनी मला दुपारी मागल्या अंगणात नेलं आणि मीठ-मिरच्या घेऊन माझ्यावरून उतरवायला लागल्या, तेवढ्यात बाबा मागच्या दाराने आले.

ते भांडण मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाबांनी मिरच्यांकडे बोट दाखवलं, कपाळावर हात मारला, मुठी आवळल्या. चाचींनी मिरच्या माझ्या हातात कोंबल्या, पदर खोचला, माझ्या गालाला हात लावून तो किती आत गेलाय ते दाखवलं, बाबांच्या तोंडापुढे दोन्ही हात नाचवले. बाबांनी आकाशाकडे पाहिलं. चाचींनीही पाहिलं. माय मध्ये पडली आणि दोघांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, खरं तर दोघंही गप्पच होती. इतकी वर्षं दोन्ही घरांत इतकं कडाक्याचं भांडण झालं नव्हतं आणि त्यात एकही शब्द नव्हता. मी मध्ये उभी होते, हातात मिरच्या घेऊन. हसायला हवं होतं मला. आज लिहिताना हसतेच आहे. पण तेव्हा वाटलं, हे सगळं माझ्यामुळे, आणि उद्या मी नापास झाले की ही माणसं कुठे तोंड दाखवतील?

म्हणून मी ठरवून टाकलं होतं. पेपरला जायचंच नाही. सकाळी इस्त्रीचे कपडे घालायचे, मायच्या हातून दही-साखर खायची, सायकल काढायची आणि कॉलेजऐवजी मदन महल स्टेशनवर जायचं. पेपर सुटेपर्यंत फलाटावर बसायचं आणि परत यायचं. असे सगळे पेपर. निकाल लागला की नापास, आणि नापास तर पुष्कळ लोक होतात. पेपर हातात घेऊन ती अक्षरं पुन्हा तशी झालेली बघण्यापेक्षा हे बरं. त्यापुढे काय, ते मी ठरवलं नव्हतं. त्यापुढचं काही दिसतच नव्हतं मला, खरं सांगायचं तर सकाळ होऊच नये असं वाटायचं. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, आणि दोन वेळचं जेवण, डोक्यावर छप्पर, जीव लावणारी माणसं, सगळं असताना तिला असं वाटावं. ही गोष्ट मी मितालीला सांगितली तेव्हा ती हसली नाही, माझा हात धरून बसली.

पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी बाबांनी रजा टाकली होती. दुपारची वेळ होती. अख्खी लाइन चिडीचूप. मी आत बसले होते, छातीचा आवाज ऐकत, आणि बाहेर मायच्या हातून पितळी परात सुटली. साधी नव्हे, लग्नाकार्यात कणीक मळायची ती मोठी परात. ओट्यावरून खाली, खालून मोरीपर्यंत घरंगळत, मोरीत जाऊन गोल गोल फिरत ती अशी काही वाजली की चार घरं पलीकडची कुत्री भुंकायला लागली. मी धावत बाहेर आले. माय तोंडावर दोन्ही हात घेऊन उभी होती, डोळ्यांत पाणी. तिला वाटलं, संपलं. पोरीचं वर्ष गेलं. आणि मी, मला काय झालं कुणास ठाऊक, मी मोरीतून परात उचलली, तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "माय, आणखी एकदा पाड ना."

मायने माझ्याकडे पाहिलं आणि ती वळून बाहेरच्या खोलीत पळाली. बाबांना खेचत घेऊन आली. बाबांनी हाताने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "बाबा, बोला ना. तोंडानं बोला." ते हळू बोलायला गेले. त्यांचं हळू बोलणं म्हणजे तिसऱ्या घरात स्पष्ट ऐकू यायचं. "काय होऊन राहिलं तुले?"

"मी उद्या पेपरले नाई जाऊन राहिली," मी म्हटलं.

"काय?" बाबांनी कानामागे हात धरला.

"मी उद्या जाणार नाई."

"जरा जोरात बोल, बेटा."

"मी जाणार नाई पेपरले!"

"काहून?"

"मले भेव लागते."

"काय?"

जी गोष्ट मी मैत्रिणीला सांगितली नाही, मायला सांगितली नाही, उशीत तोंड खुपसूनही कधी म्हटली नाही, ती आता मला निम्म्या बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल अशी सांगायची होती. दुसरा इलाजच नव्हता. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "भेव लागते मले! बाबा, मले भेव लागते! लय भेव लागते!"

लाइनीत अशी शांतता होती की पान पडलं असतं तरी ऐकू आलं असतं, आणि त्या शांततेत माझं हे वाक्य पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत गेलं. मग भिंतीपलीकडून दुबे चाचा म्हणाले, "का कह रई है?" आणि चाची म्हणाल्या, "कह रई है, डर लगत है."

बाबा खाली बसले, तिथेच, मोरीच्या कठड्याला टेकून. इतक्या दिवसांनी त्यांचा स्वतःचा आवाज बाहेर आला. "मले बी लागते," ते म्हणाले. "तुह्या दारावरून जातो तं चप्पल हातात घेतो. म्हटलं, माह्या चपलेचा आवाज झाला आन् त्याच्यानं पोरगी नापास झाली तं?" माय म्हणाली, "मले त्या कुकरचं लागते. शिट्टी होईन तं काय होईन." आणि भिंत म्हणाली, "और हमको ढोलक का, बिटिया! सपने में बज जाती है तो उठ के बैठ जाते हैं." म्हणजे मला वाटत होतं मी एकटीच भितेय. आणि इकडे अख्खी लाइन आपापल्या घरी, आपापल्या भांड्यांना भिऊन बसली होती.

मला काय सुचलं, मी विचारलं, "बाबा, तो साहेबाचा पोट्टा पास झाला काय?"

बाबांनी खाली पाहिलं. "तो? तो तं दोनदा फेल झाला."

"मंग हे सगळं काहून केलं?"

"म्हटलं," बाबा म्हणाले, "त्याले शांतता कमी पडली असन."

पहिली माय हसली. पदर तोंडात कोंबून हसली, मग पदर सोडून हसली. भिंतीपलीकडे चाची हसल्या. मी हसले की रडले ते मला आठवत नाही, दोन्ही झालं असेल. बाबा आधी रागावले आणि मग तेही हसले, आणि त्यांच्या हसण्याने परातीला नाद आला. मग म्हणाले, "नसन जायचं तं नको जाऊ. कोणी तुले काही म्हणणार नाई. मी सांगतो सगळ्यायले." मी म्हटलं, नको, तुम्ही नका सांगू कुणाला काही!

त्या दिवशी मायने पाटा घासून स्वच्छ केला आणि वाटण घेतलं. कुकरला मनसोक्त शिट्ट्या झाल्या. वार कुठला होता देव जाणे, पण चाचींनी ढोलक माळ्यावरून काढलं आणि साऱ्या महिन्याची कसर भरून काढली. मी पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसले, पाटवडीचा रस्सा आणि दोन पोळ्या खाल्ल्या, आणि एक ओळ वाचली, ती समजली. मग दुसरी वाचली. भीती गेली म्हणू नका. हे मी मितालीलाही मुद्दाम सांगते, कारण तिला वाटतं गोष्टीत भीती जाते. ती गेली नाही. फक्त ती आता एकटी माझ्या वाट्याला नव्हती. आणि निकालाचंही इथेच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणाला हुरहूर नको. फिजिक्स त्या वर्षी राहिलं, पुरवणी परीक्षेत निघालं. सायंटिस्ट मी झाले नाही. शाळेत विज्ञान शिकवलं, आणि माझ्या वर्गात कधी शांतता नव्हती, याबद्दल हेडमास्तरांनी मला पुष्कळदा बोलावून घेतलं.

तर, दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्याबरोबर पेपरला निघाले. त्यांच्या सायकलवर ते, माझ्या सायकलवर मी. घमापुरात भाजीच्या गाड्यांतून वाट काढताना ते पुढे होते आणि मागे वळून वळून बघत होते. जिथून मदन महल स्टेशनकडे वळता येतं तिथे माझे पाय थांबले. मी एक पाय जमिनीवर टेकवून उभी राहिले. बाबाही थांबले. त्यांनी घाई केली नाही. मी पुन्हा पायडल मारलं आणि सरळ निघाले.

कॉलेजच्या फाटकापाशी ही गर्दी. मुली शेवटची पानं चाळत होत्या, मुलं केसांवरून कंगवे फिरवत उभी होती. सगळे असे दिसत होते की जणू पेपर त्यांनीच काढलाय. त्या सगळ्यांच्या मधोमध बाबांनी सायकल स्टँडवर लावली, माझ्याकडे पाहिलं आणि फोर्ज शॉपच्या आवाजात विचारलं, "भेव लागून राहिलं काय?"

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. शंभर डोकी वळली. मी हळूच म्हटलं, "हो."

"काय?"

"हो!" मी ओरडले. "लागून राहिलं!"

पहिल्या बाकावर बसणारी, कॉन्व्हेंटची, मान डोलवणारी एक मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. दोन वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिने विचारलं, "अंकल क्या पूछ रहे हैं?"

मी सांगितलं, "पूछ रहे हैं, डर लग रहा है क्या."

तिने हातातली वही छातीशी धरली. म्हणाली, "मुझे तो सुबह से उल्टी हो रही है." तिच्यामागचा कंगवेवाला मुलगा म्हणाला, "यार, मेरे हाथ देखो." त्याने हात पुढे केला, तो थरथरत होता. आणखी कुणी म्हणालं, तीन दिवस झोप नाही. कुणी म्हणालं, काहीच आठवत नाही. एकेक जण बोलायला लागला.

बाबांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "काय म्हणून राहिले हे?"

"म्हणते, त्यायले बी लागते."

"सगळ्यायले?"

मी सभोवार पाहिलं. "हो बाबा. सगळ्यायले."

बाबांनी सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं, त्या मुलीकडे, त्या कंगवेवाल्याकडे, फाटकाला टेकून उभ्या असलेल्या सगळ्या पोरापोरींकडे. मग हात हलवून, अख्ख्या कॉलेजला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अच्छा! चलो, तो फिर सब साथ में जाओ. अकेला कोई मत जाना."

आणि आम्ही सगळे एकदम आत गेलो.